पाइपलाइन फुटल्यावर पहिला फोन कोण कोणाला करतो? नियम, नोटिसा आणि अग्निशमन दल

आडवी_नळी (धागाकर्ता)

पाइपलाइन सुरक्षेचा विषय निघाला की गाडी गंज, वेल्डिंग आणि पाइपच्या जाडीवर येऊन थांबते. ते महत्त्वाचं आहेच. पण मोठ्या अपघातांचे चौकशी अहवाल ओळीने वाचले, तर पाइप का फुटला यापेक्षा फुटल्यावर काय घडलं नाही ही पानंच जास्त अस्वस्थ करतात. तीन उदाहरणं देतो.

सॅन ब्रूनो, कॅलिफोर्निया, ९ सप्टेंबर २०१०. ३० इंची वायुवाहिनी फुटली. ८ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली. वायू तोडायला ९५ मिनिटं लागली. अग्निशमन केंद्र हाकेच्या अंतरावर होतं, पण आपल्या हद्दीखालून एवढी मोठी वाहिनी जाते हे दलाला ठाऊक नव्हतं. सुरुवातीला विमान कोसळलंय असाच अनेकांचा समज झाला.

मार्शल, मिशिगन, २५ जुलै २०१०. ३० इंची कच्च्या तेलाची वाहिनी संध्याकाळी फुटली आणि कंपनीला ते कळायला १७ तासांहून जास्त वेळ लागला. मधल्या काळात ती दोनदा पुन्हा सुरू केली गेली. सांडलेल्या तेलापैकी ८१ टक्के तेल या दोन वेळांत बाहेर आलं.

सटार्शिया, मिसिसिपी, २२ फेब्रुवारी २०२०. २४ इंची कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. सुमारे २०० लोक हलवावे लागले, ४५ जणांना रुग्णालय गाठावं लागलं. कंपनीने स्थानिक बचाव पथकांना काहीच कळवलं नव्हतं. 'हिरवट धूर' आणि 'सडक्या अंड्यांचा वास' एवढ्या वर्णनावरून त्यांना काय गळतंय याचा अंदाज बांधावा लागला.

आता मुद्दा. नियामक तपासणीला येतो तेव्हा गंजाच्या नोंदी, दाबचाचणीचे कागद, कॅथोडिक संरक्षणाचे (विजेच्या सौम्य प्रवाहाने पाइपचा गंज रोखायच्या पद्धतीचे) आकडे बघतो. अग्निशमन दलाशी समन्वय या सदरात मात्र एक हजेरीपत्रक बघून बरोबरची खूण करतो. हे बदलायचं तर नेमकं काय तपासायला हवं? जाणकारांनी लिहावं. अनुभवकथन नको, तपशील हवेत.

---

दाबमापक

नियंत्रण कक्षाच्या बाजूने सुरुवात करतो.

पडद्यावर गळती दिसत नसते, आकडे दिसतात. दाब घसरला तर कारणं दहा असू शकतात: कॉम्प्रेसर बंद पडला, मोठ्या ग्राहकाने एकदम वायू ओढला, कोणीतरी व्हॉल्व्ह फिरवला, दाबमापकच बिघडला. तेलाच्या वाहिनीत आणखी एक घोळ असतो. चढउताराच्या भागात दाब कमी झाला की द्रवाचा स्तंभ तुटतो आणि मधे बाष्पाची पोकळी तयार होते. पडद्यावर ती गळतीसारखीच दिसते आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे आणखी पंप करून पोकळी भरणं. मार्शलला नेमकं हेच झालं. इशारे वाजले, त्यांचा अर्थ 'स्तंभ तुटला' असा लावला गेला आणि फुटलेल्या पाइपमध्ये जोर लावून तेल ढकललं गेलं.

म्हणून अमेरिकेच्या २०२२ च्या नियमाने अंदाजाची जागा कमी केली. १५ मिनिटांत किंवा त्याहून कमी वेळात दाब १० टक्क्यांहून जास्त घसरला आणि त्याचं कारण ठाऊक नसेल, तर ती 'संभाव्य फूट' मानायची आणि स्थानिक आपत्कालीन कॉल केंद्राला तत्काळ, थेट कळवायचं. फूट पक्की झाल्यापासून ३० मिनिटांत दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद झाले पाहिजेत. ही व्हॉल्व्हची अट ६ इंच आणि त्यापुढच्या नव्या किंवा बदललेल्या वाहिन्यांपुरती आहे. जुन्या हजारो किलोमीटरना ती लागू नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरं, व्हॉल्व्ह बंद म्हणजे आग बंद असं नाही. ३० इंची वाहिनी, दोन व्हॉल्व्हमधलं अंतर १० किलोमीटर, दाब ६० बार धरा (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब). आतलं आकारमान सुमारे ४,५६० घनमीटर. सामान्य दाबाला आणलं तर तो वायू तीन लाख घनमीटरच्या आसपास भरतो. हे सगळं त्या भोकातूनच बाहेर येणार. पहिल्या काही मिनिटांत प्रचंड, मग रेंगाळत. तेव्हा घटनास्थळावरच्या अधिकाऱ्याने कंपनीला दोन वेगळे प्रश्न विचारायचे: 'व्हॉल्व्ह किती वाजता बंद झाले?' आणि 'आता आतला दाब किती?' पहिल्याच उत्तरावर समाधान मानलं की पुढचे निर्णय चुकतात.

आणि शेवटचं: छोटं भोक पडद्यावर दिसतच नाही. प्रवाहाच्या एक-दोन टक्क्यांची गळती मोजमापाच्या चुकीतच लपते. तिथे नागरिकाचा फोन हेच उपकरण. मार्शलला वास येतोय असे फोन आपत्कालीन क्रमांकावर त्याच रात्री आले होते, बंबवालेही फिरून आले, काही सापडलं नाही म्हणून परतले. एका खोलीत वासाचे फोन, दुसऱ्या खोलीत दाबाचे इशारे, आणि दोन खोल्यांमधे एकही फोन नाही.

---

लाल_बंब

दाबमापक, शेवटचा परिच्छेद पाठ करून ठेवण्यासारखा आहे.

आता पोहोचणाऱ्या पथकाची बाजू. प्रशिक्षणात हमखास निसटणाऱ्या गोष्टी लिहितो.

काय वाहतंय हे आधी. मिथेन हवेपेक्षा हलका, हवेत ५ ते १५ टक्के असताना पेटतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, २ टक्क्यांच्या थोडं वरच पेटायला लागतो आणि नाल्यात, तळघरात साचतो. पेट्रोलची वाफ त्याहून जड. कार्बन डायऑक्साइड पेटत नाही, पण गुदमरवतो. हवेत ४ टक्के झाला की जिवाला तत्काळ धोका. ज्वलनशील वायू मोजणारा नेहमीचा मीटर या वायूवर शून्यच दाखवतो! त्याच्यासाठी वेगळा सेन्सर लागतो. शिवाय दाट ढगात इंजिनाला प्राणवायू मिळत नाही. सटार्शियात गाड्या रस्त्यातच बंद पडल्या होत्या. गाडीने ढगात शिरून लोकांना बाहेर काढू, हा बेत तिथे चालत नाही.

वासावर विसंबू नका. घरगुती वितरणाच्या वायूत मर्कॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. अमेरिकी नियमाप्रमाणे पेटण्याच्या किमान मर्यादेच्या एक-पंचमांश प्रमाणातच, म्हणजे मिथेनच्या बाबतीत हवेत सुमारे १ टक्का असतानाच, वास आला पाहिजे. पण लांब पल्ल्याच्या मुख्य वाहिन्यांमध्ये बरेचदा वासद्रव्य नसतंच. आणि जमिनीतून मुरत आलेल्या वायूचा वास माती शोषून घेते. वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. मीटर लावा.

अंतर किती ठेवायचं? वायुवाहिनीसाठी एक सूत्र वापरतात: धोक्याची त्रिज्या फुटांत = ०.६९ × व्यास इंचांत × दाबाचं वर्गमूळ (दाब पीएसआयमध्ये, म्हणजे दर चौरस इंचाला पाउंड). ३० इंच आणि १,००० पीएसआयला हे ६५५ फूट, म्हणजे २०० मीटर येतं. पण ही त्रिज्या उष्णतेच्या एका ठरावीक पातळीवर बेतलेली आहे. तिच्या बाहेर सगळं सुरक्षित असं ती म्हणत नाही. सॅन ब्रूनोला दाब ३८६ पीएसआयच्या आसपास होता, सूत्राने ४०७ फूट येतात, तरी आगीचं नुकसान सुमारे ६०० फुटांपर्यंत गेलं. म्हणून ही त्रिज्या नियोजनाला वापरा, दोरी बांधायला नको. उत्तर अमेरिकेत बंबात ठेवायची आपत्कालीन मार्गदर्शिका मोठ्या वायुगळतीला सुरुवातीलाच वारा वाहतो त्या बाजूचा किमान ८०० मीटरचा भाग रिकामा करायचा विचार करा म्हणते. सुरुवात तिथून करावी, मग मीटर आणि कंपनीच्या माहितीवरून आत यावं.

पेटलेला वायू विझवायचा नाही. आजूबाजूच्या वस्तूंवर पाणी मारून त्या थंड ठेवायच्या आणि पुरवठा तुटेपर्यंत जळू द्यायचं. विझवलात तर न जळलेला वायू साचतो आणि दुसऱ्या ठिकाणी, जास्त वाईट तऱ्हेने पेटतो. दाबनियामकाच्या (वायूचा दाब उतरवणाऱ्या उपकरणाच्या) खड्ड्यात पाणी सोडू नका. त्या उपकरणाच्या हवा खेळायच्या नळीत पाणी गेलं तर पुढच्या अख्ख्या वस्तीचा दाब बिघडू शकतो.

जमिनीखालची गळती असेल तर रस्त्यावर नुसतं मीटर फिरवून भागत नाही. वरून डांबर असलं की वायू आडवा पसरतो, ड्रेनेज आणि केबलच्या नळ्यांतून घरात शिरतो. लगतच्या घरांच्या भिंतीकडेने, पाणी-वीज आत येते त्या ठिकाणी आणि सगळ्या मॅनहोलमध्ये मोजा. आकडा वाढतोय की उतरतोय ते वेळेसह लिहून ठेवा. आणि घरात जाताना बेल वाजवू नका, दार ठोठवा.

---

नवखा_४२

एक बाळबोध शंका. व्हॉल्व्ह समोर दिसत असेल, चाक हाताशी असेल, तर अग्निशमन दलाने तो फिरवायचा का नाही? कंपनीच्या माणसाची वाट बघत बसण्यात काय अर्थ आहे?

---

लाल_बंब

शंका बाळबोध नाही, या चुका होतात. घराच्या मीटरजवळचा व्हॉल्व्ह असेल आणि तिथवर सुरक्षित जाता येत असेल, तर जरूर बंद करावा. पाव फेरा. दांडा पाइपला आडवा झाला की बंद. एकदा बंद केलेला पुन्हा उघडायचा मात्र नाही. ते काम कंपनीचं, कारण आत कोणाची शेगडी, कोणाचा गीझर उघडा राहिलाय हे तपासल्याशिवाय वायू सोडणं म्हणजे नवा अपघात.

रस्त्यातला किंवा मुख्य वाहिनीचा व्हॉल्व्ह: हात लावायचा नाही. कारणं दाबमापक जास्त नीट सांगतील.

---

दाबमापक

चार कारणं. एक, वितरणाचं जाळं वर्तुळाकार असतं. एक बाजू बंद केली तरी दुसरीकडून वायू येतच राहतो आणि तुम्हाला वाटतं काम झालं. दोन, तेलाच्या चालू वाहिनीत व्हॉल्व्ह झपकन मिटला की दाबाची लाट उलटी येते आणि दुसरीकडे पाइप फुटू शकतो. तीन, एकाच पट्ट्यात तीन कंपन्यांच्या वाहिन्या असतात. चुकीचा बंद झाला तर फुटलेली तशीच सुरू राहते आणि भलत्याचंच रुग्णालय बंद पडतं. चार, मोठे हातव्हॉल्व्ह गिअरचे असतात, शंभरावर फेरे लागतात, आणि अर्धवट मिटवलेला व्हॉल्व्ह हा सगळ्यात वाईट.

दलाने करायचं काम उलट हे आहे: कंपनीच्या माणसाला व्हॉल्व्हपर्यंत पोहोचू देणं. पोलिसांच्या नाकाबंदीत कंपनीची गाडी अडकते आणि कुलपाची चावी दुसऱ्याच्याच खिशात असते, वेळ त्यात जातो. ओळखपत्र कसं असेल, गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या नाक्यावर सोडायची हे आधी ठरलेलं हवं.

---

नोटीसवाला

धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे अंमलबजावणीकडे येतो.

अमेरिकेत पाइपलाइन आणि घातक पदार्थ सुरक्षा प्रशासन, म्हणजे फिम्सा, आंतरराज्य वाहिन्या बघतं. राज्याच्या हद्दीतल्या वाहिन्या बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र मिळालेली राज्य यंत्रणा बघते. हत्यारं चढत्या क्रमाने अशी: ताकीदपत्र, कार्यपद्धती दुरुस्त करा अशी नोटीस, संभाव्य उल्लंघनाची नोटीस, जिच्यासोबत दंड आणि काय-काय करायचं याचा प्रस्तावित आदेश जोडलेला असतो, आणि अपघातानंतरचा सुधारणा आदेश. उल्लंघनाच्या नोटिशीला ३० दिवसांत उत्तर: मान्य करा, हरकत घ्या किंवा सुनावणी मागा.

लोकांना दंडाचा आकडा मोठा वाटतो. सॅन ब्रूनोला राज्य आयोगाने १.६ अब्ज डॉलरचा दंड ठोठावला, तो अपवाद. मार्शलला फिम्साचा दंड ३७ लाख डॉलर होता. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक व्हॅलीत २०१८ मध्ये घरोघर वायूच्या आगी लागल्या, त्या प्रकरणात कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल करून ५.३ कोटी डॉलर भरले. पण कंपनी खरी घाबरते ती सुधारणा आदेशाला. त्यात सहसा लिहिलेलं असतं की फुटताना जो दाब होता त्याच्या ८० टक्क्यांवरच वाहिनी चालवा, आम्ही सांगेपर्यंत. दाब उतरला की वहन उतरतं, आणि हा तोटा रोजचा असतो.

भारतात पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या २००६ च्या कायद्यात एका उल्लंघनाला १ कोटीपर्यंत आणि ते सुरूच राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपत्कालीन प्रतिसाद आणि आपत्ती व्यवस्थापनाची २०१० ची संहिता आणीबाणीच्या तीन पातळ्या करते. पहिली कंपनी स्वतःच्या बळावर निभावते, दुसरीत बाहेरची मदत लागते, तिसरीत जिल्हा आणि राज्य यंत्रणा उतरते. पहिलीवरून दुसरीवर कधी गेलो हे जाहीर करायला उशीर होतो, कारण पातळी वाढवणं म्हणजे 'आमच्याने होत नाही' अशी कबुली वाटते.

आता कागद कसा फसवतो ते. अमेरिकी नियमात समन्वयाच्या कलमाचे भाग साधारण असे: प्रत्येक यंत्रणेची जबाबदारी आणि साधनं जाणून घ्या, आपली क्षमता त्यांना सांगा, कोणत्या आणीबाणीत कोणाला कळवायचं ते ठरवा, आणि परस्पर मदतीची आखणी करा. पुरावा म्हणून कंपनी काय दाखवते? माहितीपत्रकं पाठवल्याच्या पावत्या आणि जेवणासह झालेल्या सभेचं हजेरीपत्रक. सभेला आलेला अधिकारी दीड वर्षापूर्वी बदली होऊन गेलेला असतो.

तपासनीसाने याऐवजी हे करावं:

वाहिनीच्या मार्गावरची पाच अग्निशमन केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडा. रात्रपाळीला जा. ड्युटीवरच्या माणसाला विचारा: इथून कोणती वाहिनी जाते, कोणाची, आत काय, जवळचे दोन व्हॉल्व्ह कुठे. उत्तर नकाशा उघडून दिलं तरी चालेल, पण नकाशा बंबात हवा, साहेबांच्या कपाटात नको.

मग खुणेच्या खांबावरचा क्रमांक रात्री दोनला फिरवा. माणूस किती सेकंदांत बोलतो? त्याला स्थळ सांगून व्हॉल्व्हचा क्रमांक सांगता येतो का?

आणि उलटा फोन. नियंत्रण कक्षाला सांगा, या तालुक्याच्या आपत्कालीन केंद्राला आत्ता फोन लावा. इथे भलेभले गडबडतात. नियंत्रण कक्ष शेकडो किलोमीटर दूर असतो. तिथून तीन आकडी आपत्कालीन क्रमांक फिरवला तर फोन त्याच गावात लागतो, घटनास्थळी नाही. मार्शलच्या वाहिनीचा नियंत्रण कक्ष कॅनडात एडमंटनला होता. म्हणून मार्गावरच्या प्रत्येक केंद्राचा पूर्ण, थेट क्रमांक यादीत हवा आणि ती यादी दर तिमाहीला फिरवून तपासलेली हवी. हा क्रमांक चुकीचा निघाला तर ताकीदपत्र नको, सरळ उल्लंघनाची नोटीस.

---

गावकुसाबाहेर

नोटीसवाला, तपासणीची पद्धत पटली. पण शेवटचं वाक्य पटलं नाही. दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्या स्वयंसेवक पथकाकडे एकच जुना मीटर आहे, तोही दोन वर्षं कॅलिब्रेट केलेला (अचूकता जुळवून घेतलेला) नाही, त्याला त्यातलं काय मिळतं? वाहिन्या बहुतेक विरळ वस्तीतून जातात आणि तिथली पथकं सगळ्यात गरीब असतात. शिवाय समन्वय एकतर्फी नसतो. कंपनीने सात वेळा बोलावून पथक एकदाही आलं नाही, तर नोटीस कोणाला काढणार?

---

नोटीसवाला

दंडाचा पैसा तिजोरीत जातो हे खरं. म्हणूनच नुसत्या दंडापेक्षा दंडासोबतचा आदेश महत्त्वाचा. त्यात लिहिता येतं: अमुक तारखेपर्यंत मार्गावरच्या सर्व आपत्कालीन केंद्रांशी थेट संपर्काची चाचणी, अमुक तारखेपर्यंत व्हॉल्व्ह बंद करायच्या वेळेची प्रत्यक्ष नोंद, कागदपत्रं सादर. हे पाळलं नाही तर पुढचं उल्लंघन मोजायला सोपं असतं.

पथक येत नसेल तर कंपनीने 'बोलावलं होतं' यावर थांबायचं नाही. सभेला येत नाहीत ना? मग पाळी बदलताना केंद्रावर जाऊन वीस मिनिटं बोला. तिन्ही पाळ्यांशी. स्वयंसेवक पथक असेल तर रविवारी. माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवायची जबाबदारी वाहिनी ज्याची त्याची, कारण धोका त्याने आणलाय.

---

गावकुसाबाहेर

वीस मिनिटांचा मुद्दा मान्य. गरिबीचा प्रश्न मात्र उरतोच.

---

भूगोल_विषय

नकाशांबद्दल. अमेरिकेची राष्ट्रीय पाइपलाइन नकाशा प्रणाली सर्वांना बघता येते, पण तिची अचूकता ५०० फूट इकडे-तिकडे आहे आणि वितरणाच्या वाहिन्या त्यात नाहीतच. नियोजनाला ठीक, खोदायला अजिबात नाही. तपशीलवार नकाशे देताना कंपन्या घातपाताचं कारण पुढे करतात. कारण खोटं नाही, पण अग्निशमन दलाला न देण्याइतकं मोठंही नाही. आपत्कालीन यंत्रणांना वेगळा, जास्त तपशिलाचा प्रवेश देता येतो आणि दिला जातो.

नकाशा नसला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण काऊशुंग, तैवान, ३१ जुलै २०१४. प्रोपिलीन या ज्वलनशील वायूची ४ इंची वाहिनी पावसाळी नाल्याच्या बंदिस्त पेटीतून नेलेली होती. ओल-कोरड होऊन ती गंजली. रात्री पावणेनऊच्या सुमारास लोकांनी वासाचे फोन केले. पथकं आली, मॅनहोलवर पाणी मारत राहिली, वायू कोणाचा हे कोणालाच ठरवता येईना. संबंधित कंपनीने दाब धरतोय का ते बघून वाहिनी पुन्हा सुरू केली. मध्यरात्रीच्या थोडं आधी रस्तेच्या रस्ते उडाले. ३२ मृत, त्यात अग्निशमनचे जवानही.

तीन तास होते हातात. तेवढ्या वेळात 'या चौकाखालून जाणाऱ्या सगळ्या वाहिन्या आत्ता बंद करा, कोणाची ते नंतर बघू' असं म्हणायचा अधिकार एका माणसाकडे असता तर वेगळं घडलं असतं. मालक ठरत नसेल तर सगळ्यांचं बंद, हा नियम लेखी हवा.

आणखी एक, नकाशा असला तरी वेळेत हाती आला पाहिजे. मेरिमॅक व्हॅलीत, १३ सप्टेंबर २०१८, जुनी बिडाची वाहिनी बंद करताना दाबनियामकाच्या संवेदक (दाब मोजणाऱ्या) नळ्या तिच्यावरच राहिल्या. रिकाम्या वाहिनीत दाब शून्याकडे जाताना नियामकाला वाटलं दाब कमी पडतोय, आणि त्याने चालू जाळ्यात वायू ढकलला. जे जाळं अर्ध्या पीएसआयवर चालायचं तिथे घरोघर आगी. १३१ इमारतींचं नुकसान, एक मृत्यू. दूरच्या ओहायोमधल्या देखरेख कक्षात इशारे वाजले होते, पण तिथून वायू तोडायची सोय नव्हती, फक्त फोन करायची होती. आणि अग्निशमन अधिकाऱ्यांना 'बाधित भाग नेमका कुठवर?' याचा नकाशा कंपनीकडून वेळेत मिळेना. वायूचं जाळं नगरपालिकेच्या हद्दी बघत नाही. कोणत्या दाबक्षेत्रात कोणत्या गल्ल्या येतात हे फक्त कंपनीला ठाऊक असतं. म्हणून दाबक्षेत्रांचे नकाशे गल्लीच्या नावांसह आधीच देऊन ठेवायला हवेत.

---

खोदण्याआधी

फुटण्याचं एक मोठं कारण अजून धाग्यात आलंच नाही: खोदकाम. आणि समन्वयाचा सगळ्यात स्वस्त टप्पा तोच.

बेल्जियममधलं गिसलेंगिएन, ३० जुलै २००४. एक मीटर व्यासाची, ७० बारच्या आसपासची वाहिनी. काही आठवड्यांपूर्वी यंत्राने पाइपवर ओरखडे पाडले होते, ते कोणी कळवले नाहीत. दाब वाढवला तेव्हा गळती सुरू झाली, दल पोहोचलं, आणि ते तिथे असतानाच वाहिनी फुटली. २४ मृत, त्यात ५ अग्निशमन जवान.

म्हणून नियम असा की पाइपला नुसता ओरखडा पडला, लेप खरवडला, तरी कळवायचं. पोचा पडलेल्या जागी ओरखडा असेल तर ती सगळ्यात घातक जोडी. आज गळत नाही म्हणून ती निर्धोक नसते. यंत्रचालकाला 'कळवलंस तर पैसे कापू' अशी भीती असेल तर तो माती ओढून मोकळा होणार. त्यामुळे कळवणाऱ्याला दंड नाही आणि लपवणाऱ्याला जबर, असा फरक अंमलबजावणीत दिसला पाहिजे.

खोदण्याआधी कळवायला अमेरिकेत ८११ हा फोन क्रमांक आहे, भारतात २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आहे. खूण लावून मिळाली तरी तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दोन फुटांत यंत्र चालवायचं नाही, हाताने खणून पाइप डोळ्यांनी बघायचा. खुणेचा खांब पाइपच्या डोक्यावर असेलच असं नाही आणि खोली तर तो सांगतच नाही.

अग्निशमन दलालाही याचा उपयोग आहे: 'वायूचा वास' असा फोन आला की त्या भागात गेल्या महिन्याभरात कोणी खोदायची परवानगी घेतली होती का, हे कॉल केंद्राने त्याच मिनिटाला बघावं.

---

नवखा_४२

शेवटची सूचना भारी आहे. एक विचारू? सरावाबद्दल कोणी लिहिलं नाही. मॉक ड्रिल म्हणजे भोंगा, स्ट्रेचर आणि फोटो एवढंच असतं का?

---

दाबमापक

बरेचदा तेवढंच. कारण सगळ्यांना वेळ आधीच ठाऊक असते. कामाचा सराव असा घ्यावा.

टेबलावरचा, दोन तासांचा. खोलीत कंपनीचा नियंत्रक, कॉल केंद्राचा माणूस, अग्निशमन, पोलीस, रुग्णवाहिका, वीज कंपनी आणि रस्ते विभाग. नियंत्रक आणि कॉल केंद्राचा माणूस वेगवेगळ्या खोल्यांत, मधे फक्त फोन. सूत्रधार नियंत्रकाला फक्त दाबाचे आकडे देतो आणि कॉल केंद्राला फक्त नागरिकांचे फोन: 'मोठा आवाज झाला', 'जमीन हादरली', 'विमान पडलं वाटतं'. मग घड्याळ लावायचं आणि सहा वेळा लिहायच्या: पहिला इशारा, पहिला फोन एकमेकांना, पदार्थ कोणता हे दलाला कळलं ती वेळ, 'फूट' असं जाहीर झालं ती, व्हॉल्व्ह बंद झाल्याची, आणि आतला दाब किती ते दलाला सांगितल्याची.

मधेच अडथळे टाका. नेहमीचा संपर्क अधिकारी रजेवर. मोबाइलचं जाळं कोलमडलेलं. वारा उलटा फिरला. दूरनियंत्रित व्हॉल्व्ह 'बंद' दाखवतोय पण दाब पडत नाहीये. हा शेवटचा जरूर टाका. पडद्यावरच्या 'बंद' या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यात कळतं.

मैदानातला सराव वर्षातून एकदा, पण त्यात व्हॉल्व्हपर्यंत गाडी खरोखर जाऊ द्या. गर्दीच्या वेळेला. कुलूप उघडा, गंजलंय का बघा, चालत्या वाहिनीला धक्का न लावता जेवढं फिरवता येतं तेवढं फिरवा, फेरे मोजा. योजनेत 'प्रतिसाद वेळ २० मिनिटं' असं लिहिलेलं असतं, ते नकाशावर मोजलेलं असतं.

---

नोटीसवाला

त्या सहा वेळांचा तक्ता तारखेसह जपून ठेवा आणि तपासनीसाने हजेरीपत्रकाऐवजी तो मागावा. तीन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवले की आकडे सुधारतायत की नाही ते दोन मिनिटांत दिसतं. सहाच्या सहा वेळा दरवर्षी अगदी सारख्या असतील, तर सराव झालेलाच नाही.

---

आडवी_नळी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. गावकुसाबाहेर यांनी काढलेला साधनांचा प्रश्न, म्हणजे छोट्या पथकांचे मीटर, त्यांचं कॅलिब्रेशन आणि कार्बन डायऑक्साइडचे सेन्सर कोणाच्या पैशाने, यासाठी वेगळा धागा काढतो. तिथे कंपन्यांनी पथकांशी केलेल्या परस्पर मदतीच्या करारांचे मसुदे कोणी बघितले असतील तर त्यातली कलमं लिहा.